तुम्ही विचारलंत: ईस्टरचा आठवडा, चर्च आणि इस्त्रीचं टेबल

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की न्यू जर्सीतल्या आमच्या एपिस्कोपल चर्चमध्ये मी गेली १९ वर्षं अल्टार गिल्डचं काम करते, म्हणजे वेदीची तयारी, कपडे, भांडी, फुलं हे सगळं. त्यावर एवढे प्रश्न आलेत की संपादक म्हणाले या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देऊ. ख्रिस्ती वाचकांचे आहेत, हिंदू वाचकांचेही आहेत, ईस्टर २०२६ मध्ये ५ एप्रिलला येतोय म्हणून जे आधी लागतील तेच घेतलेत. बऱ्याच जणांनी एपिस्कोपल म्हणजे कॅथलिक का असं विचारलंय. तर नाही. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं हे अमेरिकेतलं घर, अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इथल्या पाद्रींना बिशप, म्हणजे पाद्रींचा प्रमुख, होण्यासाठी इंग्लंडच्या राजाच्या निष्ठेची शपथ घेणं शक्य नव्हतं म्हणून इथले सॅम्युअल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १७८४ मध्ये अ‍ॅबर्डीनला बिशप होऊन आले. उपासना बघितली तर कॅथलिकांसारखी वाटेल, पण इथे फादरचं लग्न झालेलं असू शकतं, फादर बाई असू शकते, आणि चर्चचा पैसा-इमारत बघायला लोकांनी निवडलेली कमिटी असते, तिला व्हेस्ट्री म्हणतात.

ताई, आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. समोरच्या घरातली आजी दोन वर्षं मला म्हणतेय ईस्टरला आमच्या एपिस्कोपल चर्चला ये. आम्ही हिंदू, घरात रोज दिवा लागतो. जावंसं वाटतं पण तिथे काय करायचं ते कळणार नाही, तो ब्रेड आणि वाइन घ्यायचा का, पैसे टाकायचे का, आणि सासूबाई म्हणतात एकदा गेलीस की मागे लागतील. शिवाय नंतर पोटलक आहे, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ न्यायचा, काय नेऊ?

जा गं, बिनधास्त जा. दोन वर्षं बोलावतेय म्हणजे तिच्या मनात आहे. आधी तिला विचार की शनिवार रात्रीला बोलावतेय की रविवार सकाळला, कारण दोन्ही अगदी वेगळं. रविवारी सकाळी गर्दी असते, ऑर्गन, बरेचदा ट्रम्पेट वाजवणारे बोलावलेले असतात, लिलीच्या फुलांनी वेदी भरलेली, आणि नंतर मुलं अंगणात प्लास्टिकची अंडी शोधत पळतात. छान असतं. पण मला विचारशील तर शनिवारची रात्र बघ, तिला ईस्टर व्हिजिल म्हणतात.

चर्च पूर्ण अंधारात असतं आणि सगळे बाहेर थंडीत उभे, एका शेगडीत नवा विस्तव पेटवतात, त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात, आमची जवळजवळ माझ्या खांद्याला लागते, त्या वर्षाचा आकडा तिच्यावर असतो. ती मेणबत्ती पुढे आणि आपण तिच्या मागे असं अंधारात आत जायचं, आणि मग एकाकडून दुसऱ्याकडे असं प्रत्येकाच्या हातातली छोटी मेणबत्ती लागत जाते. काकडआरतीला कधी पहाटे देवळात उभी राहिली असशील तर तुला ते ओळखीचं वाटेल. पेटलेली मेणबत्ती सरळ ठेवायची आणि न पेटलेली तिच्याकडे वाकवायची, उलटं केलं की मेण गालिच्यावर पडतं, आणि सोमवारी आम्हाला खाकी कागद ठेवून वरून गरम इस्त्री फिरवून ते काढावं लागतं.

मग त्या उजेडात बायबलच्या जुन्या करारातले उतारे वाचतात, सृष्टीची उत्पत्ती, पूर, समुद्र दुभंगून लोक पार गेले ते. प्रार्थनापुस्तकात नऊ दिलेत, किमान दोन वाचायचे, आणि समुद्राचा कधीच गाळायचा नाही. त्यानंतर कुणाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, असेल तर तो होतो. मग एकदम सगळे दिवे लागतात आणि फादर म्हणतात, आलेलुया, ख्रिस्त उठला आहे, आणि सगळे म्हणतात, प्रभू खरोखर उठला आहे, आलेलुया. आलेलुया म्हणजे देवाची स्तुती करा, ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात हा शब्द उपासनेत उच्चारायचाच नसतो, इतके आठवडे तोंडात धरून ठेवलेला शब्द त्या क्षणी बाहेर येतो म्हणून तो आवाज वेगळाच असतो. खूप चर्चमध्ये लोक घरून घंटा आणतात आणि तेव्हा वाजवतात. मी तुळशीबागेतून आणलेली पितळी घंटा नेते, तूही ने, देवघरातली न्यायची नसेल तर दुसरी कुठलीही चालेल.

उठण्या-बसण्याची काळजी नको, शेवटून चौथ्या बाकावर बस आणि पुढच्यांकडे बघ. ब्रेड आणि वाइन म्हणजे प्रभुभोजन, ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असा चर्चचा नियम आहे, काही ठिकाणी फादर सगळ्यांनाच बोलावतात, पण तू दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून पुढे गेलीस तर ते फक्त आशीर्वाद देतील, किंवा बाकावर बसून राहिलीस तरी कुणी बघत नाही. पैशाचं ताट फिरेल, पाहुण्यांनी टाकलंच पाहिजे असं अजिबात नाही.

मागे लागण्याचं म्हणशील तर बाकावर एक कार्ड असतं, नाव-पत्ता लिहायला, ते भरलंस तर पत्र किंवा ईमेल येईल, नाही भरलंस तर नाही. एवढंच. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांची भीती मी समजू शकते. मी पुण्याच्या पंचहौदची, तिथल्याच ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे यांच्यावर केवढं वादळ उठलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली ते आमच्या घरी लहानपणी नेहमी निघायचं. तेव्हापासून आपण सगळेच खूप पुढे आलोय.

पोटलकला कोथिंबीर वडी ने. हातात धरून खाता येते, थंड झाली तरी चांगली लागते, आणि इथे त्या टेबलावर शाकाहारी लोकांना बटाट्याच्या सॅलडशिवाय फारसं काही नसतं. फक्त दाण्याचं कूट घालू नकोस, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं एखादं मूल असतंच, आणि डब्यासमोर एका कागदावर आत काय-काय आहे ते लिहून ठेव.

मी नाशिकचा, घरचं चर्च सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). शिकागोला शिकायला आलोय. इथे जवळ मराठी ख्रिस्ती मंडळी नाही म्हणून तीन महिने एपिस्कोपल चर्चला जातो. उपासना ओळखीची वाटते, माणसं नाही. उपासनेनंतरच्या कॉफी अवरला कप धरून उभा राहतो, हाउ आर यू म्हणतात आणि पुढे जातात. गावी ईस्टरच्या पहाटे आमची फेरी निघायची, चार वाजता आई उठवायची. आई फोनवर विचारते कुणी ओळखीचं झालं का, मी हो म्हणतो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं रे. तू परक्या ठिकाणी नाहीयेस हे आधी सांगते. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन झालं, त्यात अँग्लिकनही होते, त्यामुळे सीएनआय आणि एपिस्कोपल चर्च एकाच कुटुंबात आहेत. तुझा बाप्तिस्मा, तुझं दृढीकरण (कन्फर्मेशन) सगळं इथे धरलं जातं, पुन्हा काही करावं लागत नाही. नाशिकच्या पाळकसाहेबांकडून एक पत्र मागव आणि इथल्या रेक्टरला, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रींना, दे, रजिस्टरमध्ये नाव लागेल. पण नाव लागलं म्हणजे माणसं लाभली असं नाही, ते मला माहितीये.

मी पण अशीच आले होते. पुण्यात पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात वाढलेली, १८८५ चं ते देऊळ, घंटांचा मनोरा वेगळा उभा आहे ना, त्याच्या आवाजावर आमची सगळी गल्ली उठायची, आणि इथे चार महिने मी मागच्या बाकावर बसून घरी जात होते. मग पवित्र आठवड्याच्या (ईस्टरच्या लगेच आधीचा आठवडा) आधीच्या रविवारी एक खूप म्हाताऱ्या बाई माझ्याजवळ आल्या, नाव पण विचारलं नाही, म्हणाल्या तुला इस्त्री येते का? येते म्हटलं. गुरुवारी सकाळी नऊला ये.

गेले. वेदीच्या मागे एक छोटी खोली असते, सॅक्रिस्टी. तिथे इस्त्रीचं टेबल लावलेलं आणि ओल्या पंच्यात गुंडाळलेली पांढरी कापडं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरी आणि प्याला ज्या कापडावर ठेवतात त्याला कॉर्पोरल म्हणतात, चौकोनी, लिननचं, मध्ये किंवा एका कडेला छोटा क्रूस भरलेला. ते ओलसर असतानाच उलट बाजूने इस्त्री करायची म्हणजे भरतकाम वर उठतं. घडीवर इस्त्री फिरवायची नाही, घडी फक्त बोटांनी दाबायची, तीन भाग असे आणि तीन भाग तसे, उघडलं की नऊ चौकोन दिसले पाहिजेत, आणि घडी आतल्या बाजूला घालायची कारण भाकरीचा कण पडला असेल तर तो आत राहतो, खाली सांडत नाही. त्या बाईंनी माझी पहिली घडी उलगडली आणि न बोलता परत केली, दुसरी पण, तिसरी ठेवून घेतली. मग प्याला पुसायची कापडं धुवायला शिकवलं. पहिलं पाणी मोरीत जात नाही, त्याच्यासाठी एक वेगळं छोटं बेसिन असतं ज्याचा पाइप गटारात न जाता सरळ जमिनीत जातो, आणि ते नसेल तर बागेत झाडाच्या मुळाशी ओतायचं. माझ्या मनात पटकन आमच्या शेजारच्या काकू आल्या, त्या निर्माल्य कधी कचऱ्यात टाकायच्या नाहीत, तुळशीच्या वृंदावनाजवळ ठेवायच्या. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत मला त्या खोलीतल्या पाच बायकांची नावं, कुणाचा नवरा आजारी आहे आणि कुणाची मुलगी बोलत नाही हे सगळं माहीत झालं होतं. कॉफी अवरमध्ये चार महिन्यांत जे झालं नव्हतं ते तीन तासांत झालं.

म्हणून तुला सांगते, काम मागून घे. माणसं कप हातात असताना बोलत नाहीत, टेबलाचं दुसरं टोक उचलताना बोलतात. पवित्र आठवड्यात तर हात कमीच पडतात, पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्या वाटायला, गुरुवारी खुर्च्या लावायला, शनिवारी शेगडीजवळ पाण्याची बादली घेऊन उभं राहायला कुणी तरी लागतंच. रेक्टरला ईमेल कर, दोन ओळींचा, की मी विद्यार्थी आहे, गाडी नाही, शनिवार दुपार मोकळी आहे, काय करू. आणि वाचन करायची तयारी असेल तर तेही सांग, व्हिजिलला इतके उतारे असतात की वाचणारे नेहमी शोधत असतात.

आणि आईला खरं सांग. तिला काळजी वाटेल पण ती प्रार्थना कशासाठी करायची हे तरी तिला कळेल.

मी पुण्यात असते, वय ७८. गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत होते. गुरुवारी संध्याकाळी चर्चला नेलं. तिथली पाळकबाई खाली बसून माझे पाय धुवायला लागली, मी पाय मागे घेतला, मला लाज वाटली. मग शेवटी त्यांनी वेदीवरचं सगळं काढून नेलं, मेणबत्त्या, कापड, फुलं, दिवे घालवले आणि कुणी काही न बोलता बाहेर गेले. मी रात्रभर झोपले नाही. हे काय होतं?

आजी, सलाम. तुम्हाला झोप लागली नाही ते बरोबरच झालं, ती रात्रच तशी आहे.

प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा असं सांगितलं, म्हणून ईस्टरच्या आधीच्या त्या गुरुवारी हे करतात, कुठे फादर सगळ्यांचे धुतात तर कुठे लोक एकमेकांचे. शिष्य पेत्रानेही पाय मागे घेतला होता आजी, तो म्हणाला होता तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. आपल्याकडे तर लहानांनी मोठ्यांच्या पायाला हात लावायचा आणि पाळकांनी आपल्याला आशीर्वाद द्यायचा, तिथे पाळकच खाली बसल्या म्हटल्यावर कुणालाही संकोच होईल. बाई पाळक म्हणून पण जरा वेगळं वाटलं असेल. इथे १९७४ मध्ये फिलाडेल्फियाला ११ बायकांना पाद्रीपदाची दीक्षा दिली गेली तेव्हा मोठा वाद झाला, मग १९७६ मध्ये चर्चच्या सभेने ते मान्य केलं, आता खूप ठिकाणी बायका रेक्टर आहेत, बिशप आहेत. त्या दिवशी ते पाणी कोमट होतं का? असेल तर कुणी तरी बाई मागे किटली घेऊन उभी होती. आमच्याकडे ते काम माझं असतं, उपासना सातला सुरू होते आणि पाय धुणं पावणेआठच्या सुमारास येतं, तेव्हा पाणी अंगाला लागेल असं हवं, म्हाताऱ्या माणसांच्या पायाला गार पाणी नको, म्हणून मी वाचन चालू असताना हळूच उठून जाते.

वेदी उघडी करणं म्हणजे प्रभूला पकडून नेलं, त्याची वस्त्रं काढून घेतली, त्याची ती आठवण. बायबलमधलं बाविसावं स्तोत्र वाचत किंवा गात एकेक वस्तू नेतात. मी इतकी वर्षं स्वतःच्या हाताने ते कापड काढतेय, जे मीच सकाळी इस्त्री करून घातलेलं असतं, आणि दर वर्षी उघडं लाकूड दिसलं की माझा हात थांबतो. त्यानंतर बोलायचं नसतं. बऱ्याच चर्चमध्ये मग रात्रभर कुणी ना कुणी जागं बसतं, एकेका तासाची पाळी, भिंतीवर कागद लावलेला असतो त्यावर नाव लिहायचं. पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना विचारलं ना की एक तासही जागं राहवलं नाही का, त्यासाठी. तुम्ही न बोलावता ती पाळी पूर्ण रात्र केलीत आजी.

टेक्सासमधून लिहितेय. नऊ वर्षं चर्चचा ईस्टर ब्रंच मी करते. पहिल्या वर्षी १२ जण मदतीला होते, आता मी, माझा नवरा आणि एक ८१ वर्षांची बाई. दर वर्षी उपासनेच्या शेवटी अनाउन्समेंट होते, व्हॉलंटियर्स हवेत, कुणी येत नाही, मग खायला १५० लोक येतात. गेल्या ईस्टरला मी किचनमध्ये होते आणि बाहेर आलेलुया ऐकू आला आणि मला राग आला. ईस्टरला. मला माझीच भीती वाटली. सोडून देऊ का?

अगं मैत्रिणी, मला तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटतंय.

माझ्यावर ही वेळ आली होती. सात वर्षांपूर्वी शनिवारी सकाळी ४० लिलीच्या कुंड्या आल्या, आणि यायचं कबूल केलेल्यांपैकी एक पण आलं नाही. लिलीच्या प्रत्येक फुलाच्या आत पिवळे परागकोश असतात, ते चिमटीने काढावे लागतात, नाहीतर पराग पांढऱ्या कापडावर पडतात आणि डाग जात नाही. मी एकटी जमिनीवर बसून काढत होते, चाळीस कुंड्या, एकेकीला चार-पाच फुलं, बोटं पिवळी झालेली. तिसऱ्या तासाला हातातली कुंडी बाजूला ठेवली आणि रडले. नेमक्या तेव्हा आमच्या सीनियर वॉर्डन आल्या, वॉर्डन म्हणजे व्हेस्ट्रीतली मुख्य जबाबदार व्यक्ती. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही, शेजारी बसल्या आणि कोश काढायला लागल्या. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, तू कुणाला विचारलं होतंस? मी म्हटलं अनाउन्समेंट झाली होती. त्या म्हणाल्या ते नाही, तू कुणाला विचारलं होतंस? मी कुणालाच विचारलं नव्हतं.

सगळ्यांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं. माईकवरून "मदत हवी" म्हटलं की बाकावरचा प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो, आणि ज्याला खरंच यायचंय तो विचार करतो की त्यांचा ग्रुप ठरलेला असेल, मी मध्ये कशाला जाऊ. तुझ्याकडे १५० लोक जेवायला येतात ना, त्यातल्या निम्म्यांना वाटतं की ब्रंच तुझं आहे. तुला ते आवडतं, तू ते करतेस. त्यांना आतली गोष्ट माहीतच नाही.

मी काय केलं ते सांगते, तुला जे जमेल ते घे. ईस्टर झाल्यावर दोन आठवड्यांनी, राग थोडा निवल्यावर, वहीत सगळी कामं लिहून काढली, अगदी बारीक, कुंड्यांच्या बुडाचा चकचकीत कागद काढणं, गाडीतून खोकी उतरवणं, शनिवारी दुपारी झाडणं. २६ कामं निघाली. म्हणजे मी २६ माणसांचं काम एकटी करत होते आणि ते मलाही माहीत नव्हतं. मग सप्टेंबरमध्ये रेक्टरला भेटले, पवित्र आठवड्यात कधीच भेटायचं नाही, तेव्हा ते आपल्यापेक्षा थकलेले असतात, आणि सरळ म्हटलं की या वर्षी मी फक्त पाच कामं करणार, बाकीच्यांना माणूस मिळाला तर होतील, नाही मिळाला तर होणार नाहीत. हे बोलायला मला खूप जड गेलं. ते म्हणाले ठीक आहे. मग एकेकाला समोर जाऊन विचारलं, नावाने, एकच छोटं काम आणि किती वेळ लागेल ते सांगून. "शनिवारी दहा ते अकरा गाडीतून कुंड्या उतरवाल का?" याला लोक हो म्हणतात. "अल्टार गिल्डमध्ये याल का?" याला घाबरतात. चौदा जण मिळाले. एक सोळा वर्षांचा मुलगा आहे, त्याची आई म्हणते घरी ग्लास उचलून ठेवत नाही, तो आता लिलीचे परागकोश काढतो आणि माझ्यापेक्षा सफाईने काढतो.

पहिल्या वर्षी काही कामं झाली नाहीत. खिडक्यांत फुलं नव्हती. दोघातिघांनी विचारलं, एक बाई जरा टोचून पण बोलल्या, मी म्हटलं पुढच्या वर्षी तुम्ही खिडक्या घ्या. घेतल्या त्यांनी.

आणि दुसरे करतील तेव्हा ते तुझ्यासारखं होणार नाही, हे मात्र सोसावं लागतं. कुणी तरी दुकानातून तयार केक आणेल, अंड्याचा कॅसरोल करपेल, टेबलक्लॉथ कागदाचा असेल. आणू दे. मी सुरुवातीला नवीन माणसाने घातलेल्या घड्या मागून जाऊन परत घालायचे, ते बघून एक मुलगी यायचीच बंद झाली, तिचं मला अजून वाईट वाटतं.

सोडू का विचारलंस. ब्रंच एक वर्ष झाला नाही तर ईस्टर होतोच. पण त्याआधी ही एक गोष्ट कर, यंदा उपासना सुरू झाली की गॅस बंद कर, किचनचं दार लाव आणि तुझ्या नवऱ्याला आणि त्या ८१ वर्षांच्या आजींना घेऊन आत जाऊन बस. जेवण अर्धा तास उशिरा होऊ दे. तुला राग आला तो देवावर नव्हता गं, तुला आत यायचं होतं आणि तू दाराबाहेर होतीस.

माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणते तिला अ‍ॅकोलाइट व्हायचंय. मेणबत्तीची काळजी वाटते, आणि मोठ्यांबरोबर आत एकटी असते का?

होऊ द्या. अ‍ॅकोलाइट म्हणजे पांढरा झगा घालून मिरवणुकीत क्रूस किंवा मेणबत्ती नेणारी, वेदीजवळ पाणी-वाइन हातात देणारी मुलं. आधी शिकवतात, लांब केस बांधायला लावतात, आणि मेणबत्ती लांब दांड्याला असते. दुसऱ्या काळजीबद्दल, मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्यांना सुरक्षेचं ट्रेनिंग आणि बॅकग्राउंड चेक लागतो आणि एक मूल एका मोठ्याबरोबर बंद खोलीत एकटं नको हा नियम असतो. तुमच्या चर्चमध्ये तो पाळला जातो का हे स्पष्ट विचारा, कुणाला वाईट वाटत नाही, वाटलं तरी विचारा. व्हिजिलला उशीर होतो, तिला दुपारी झोपवा आणि उपासनेआधी काहीतरी खायला घाला, रिकाम्या पोटी उभं राहून, त्यात धूप, मुलांना चक्कर येते.

मी रिटायर्ड, जर्सी सिटीत मुलीकडे असतो. प्रार्थनेला बसायची इच्छा नाही, पण काही काम करायचंय. चर्चमध्ये असं चालतं का?

काका, चालतं म्हणजे काय, वाट बघत असतात. तुम्हाला पाथ ट्रेनने मॅनहॅटन जवळ, तिथे नाइन्थ अ‍ॅव्हेन्यू आणि २८ व्या स्ट्रीटवर होली अपॉसल्स नावाचं एपिस्कोपल चर्च आहे, १९८२ पासून तिथे भुकेल्यांना जेवण देतात. १९९० मध्ये चर्चला आग लागली, नंतर दुरुस्ती झाली तेव्हा बाकं परत बसवलीच नाहीत आणि जिथे उपासना होते त्याच जागेत जेवणाची टेबलं लागायला लागली. वाढायला येणाऱ्याला धर्म विचारत नाहीत, जेवायला येणाऱ्याला तर नाहीच. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरसमोरच्या सेंट पॉल्स चॅपलमध्येही असंच महिनोन् महिने चाललं, ढिगाऱ्यावर काम करणारे आत येऊन जेवायचे, बाकांवर झोपायचे, आणि सेवा करणारे सगळ्या प्रकारचे लोक होते.

हे का करतात म्हणाल तर ईस्टरला सगळे आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उभं राहून म्हणतात, १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात आहेत, त्यात एक प्रश्न आहे की सर्व माणसांत ख्रिस्ताला शोधून त्याची सेवा करशील का, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करशील का, आणि उत्तर, करीन, देवाच्या साहाय्याने. रविवारी हे म्हटलं की सोमवारी कुठे तरी जाऊन ते करावं लागतं.

एक सुचवते, ईस्टर आणि ख्रिसमसला सगळीकडे मदतीला भरपूर लोक येतात, तुम्ही त्यांना सांगा मी फेब्रुवारीत येतो, जुलैत येतो. तेव्हा खरी गरज असते.

चर्चने ईस्टरनंतर लिलीची कुंडी घरी पाठवली, आईच्या आठवणीत आम्ही पैसे दिले होते. फुलं गळाली, आता काय करू? टाकवत नाही.

टाकू नका. घरात मांजर असेल तर मात्र कुंडी आजच बाहेर काढा, लिलीचं पान, फूल, पराग, कुंडीतलं पाणीसुद्धा मांजराला विष आहे, किडनी जाते. मांजर नसेल तर खिडकीत ठेवा, वाळलेली फुलं काढा पण पानं हिरवी आहेत तोवर कापू नका, मातीतला कंद त्यावरच पोसतो. थंडी पूर्ण गेली की, न्यू जर्सीत मे महिन्याच्या मध्यावर, ऊन येईल आणि पाणी साठणार नाही अशा जागी साधारण सहा इंच खोल लावा. दुकानातल्या लिलीला ईस्टरसाठी मुद्दाम लवकर फुलवलेलं असतं, जमिनीत ती आपल्या वेळेला फुलते, पुढच्या वर्षी जून-जुलैत येईल. हिवाळ्यात वरून पानांचा जाड थर घाला आणि जागेवर एक काठी रोवून ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये खणताना कुदळ लागते.